फ्रेड गायसबर्ग

ग्रामोफोनची तबकडी ऐकतांना आम्ही गायकाची वाहवा करितों. त्याचा आवाज टिपणाऱ्याचें स्मरण मात्र क्वचितच होतें. फ्रेड गायसबर्ग हे असेच एक गृहस्थ. त्यांचा जन्म वॉशिंग्टन येथें १८७३ सालीं झाला. कोवळ्या वयांतच पियानोची साथ करीत ते ह्या धंद्यांत शिरले व पुढें लंडनच्या ग्रामोफोन कंपनींत गेले. १९०२ च्या एप्रिलांत मिलान शहरीं तरुण गायक कारुसो यानें दहा गाण्यांस शंभर पौंड मागितले. कंपनीनें तारेनें नकार कळविला, असें सांगतात; तरी गायसबर्ग यांनीं स्वतःच्या जबाबदारीवर मुद्रण केलें, आणि कारुसोचें नांव दूरवर गेलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कलकत्त्यास त्यांनीं गौहर जान यांचें गायन मुद्रित केलें. १९५१ सालीं ते निवर्तले. दुसऱ्याचा गुण ओळखून त्याकरितां जोखीम पत्करणें, हाहि मोठा गुणच होय, असें आम्हांस वाटतें.