मिमार सिनान : ज्ञानाचा पाया, कल्पनेचा घुमट



दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या मोहल्ल्यांतून एक वाद हमखास ऐकू येतो. कोणी म्हणतो, मुलाने मन लावून अभ्यास करावा, गुण मिळवावेत, पदवी घ्यावी. व्यवसायात यश मिळते ते ज्ञानाच्या जोरावर. दुसरा म्हणतो, नुसती पुस्तके घोकून काय होणार? ज्याला नवे काही सुचते, तोच पुढे जातो. हा वाद तर्काने सुटणारा नाही. त्यापेक्षा आपल्या व्यवसायात असामान्य यश मिळवणाऱ्या एका माणसाचे आयुष्यच तपासून पाहू या. उस्मानी सल्तनतीचा मुख्य वास्तुशिल्पी सिनान हा तो माणूस. तुर्कस्तानात त्याला मिमार सिनान म्हणतात. मिमार म्हणजे इमारत बांधणारा. आपल्या उर्दूतला मेमार तो हाच.

सिनानचा जन्म १४९० च्या सुमारास अनातोलियातील कायसेरी शहराजवळच्या आगिरनास या खेड्यात, एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. त्या काळी ख्रिस्ती घरांतली निवडक मुले सक्तीने नेऊन, त्यांना मुसलमान करून सुलतानाच्या चाकरीत घेण्याची पद्धत होती. ती मुलांना आईबापांपासून तोडणारी होती, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. १५१२ च्या सुमारास सिनानही असाच इस्तंबूलला आणला गेला. तेव्हा त्याचे वय विशीच्या पुढे होते. शिक्षण सुरू करण्यास हे वय उशिराचेच, असे तुम्हांला वाटेल. पुढे काय झाले ते पाहा.

इस्तंबूलमध्ये नव्या जवानांना शिस्तीबरोबर एखादा हुन्नर शिकावा लागे. सिनानने सुतारकाम घेतले. रंधा, करवत, गुण्या आणि ओळंबा ही त्याची पहिली पाठ्यपुस्तके. लाकडावर काम करणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते : कोणती फळी किती भार सोसेल आणि सांधा कोठे निखळेल, हे हाताला कळले पाहिजे. हे ज्ञान कोणी फुकट देत नाही. ते चुकत, मोजत आणि पुन्हा करत मिळवावे लागते.

पुढे तो सैन्यात दाखल झाला. १५२१ ची बेलग्रेडची मोहीम, १५२२ ची ऱ्होड्सची, १५२६ ची मोहाचची लढाई, १५२९ चा व्हिएन्नाचा वेढा आणि १५३४ ची बगदादची मोहीम, एवढ्या ठिकाणी त्याचे जाणे झाले. इतर सैनिक शहरे पाहत, तसा हाही पाहत होता. पण पाहण्यात फरक होता. म्हातारपणी त्याने आपले वृत्त साई मुस्तफा चेलेबी या कवी मित्राकडून लिहवून घेतले. त्यात तो सांगतो की अरब आणि इराणी मुलखांतून फिरताना प्रत्येक पडक्या इमारतीपासून आपण काहीतरी शिकलो. हे वाक्यात सांगणे सोपे आहे, पण त्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. पडकी भिंत पाहून ती पडली एवढे कोणालाही दिसते. ती का पडली, आणि काय केले असते तर उभी राहिली असती, हे डोळ्यांना दिसत नाही. ते मनात उभे करावे लागते. म्हणजे ज्ञान गोळा करतानाच त्याची कल्पनाशक्ती कामाला लागलेली होती.

या शिदोरीची परीक्षा लवकरच झाली. पूर्वेकडील मोहिमेत वान सरोवरापलीकडच्या शत्रूची टेहळणी करण्यासाठी जहाजे हवी होती. सिनानने ती तेथेच बांधून दिली. १५३८ साली मोल्दाव्हियाच्या स्वारीत प्रुत नदीवर फौज अडली. नदीकाठ दलदलीचा होता. आधी घातलेले पूल चिखलात खचले होते. सिनानने तेरा दिवसांत लाकडी पूल उभा केला आणि सुलतान सुलेमानची फौज पार झाली. अडचण नवी होती, म्हणून कल्पना लागली. पण हातात सुतारकाम नसते, तर ती कल्पना चिखलातच रुतून बसली असती.

पुढच्याच वर्षाच्या सुमारास त्याची मुख्य वास्तुशिल्पी म्हणून नेमणूक झाली. तेव्हा तो पन्नाशीच्या घरात होता! ज्या वयात माणसे निवृत्तीचा विचार करू लागतात, त्या वयात त्याचे खरे कार्य सुरू झाले. मागे सुमारे सत्तावीस वर्षांची तयारी होती, आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षांची कामगिरी. सुलेमान, दुसरा सलीम आणि तिसरा मुराद अशा तीन सुलतानांच्या कारकिर्दींत तो त्याच पदावर राहिला.

आता त्याच्यापुढचे आव्हान समजून घेऊ. घुमट म्हणजे इमारतीवर ठेवलेला नुसता टोप नव्हे. त्याचा भार सरळ खाली तर येतोच, शिवाय तो भिंतींना बाहेरच्या बाजूस ढकलतो. घुमट जितका मोठा, तितका हा रेटा मोठा. इस्तंबूलमध्ये या शास्त्राचा एक भव्य धडा उभा होता : आयासोफिया. अँथेमियस आणि इसिडोर या दोन भूमितीच्या पंडितांनी तो ५३७ साली, सहा वर्षांच्या आत पूर्ण केला. त्या पंडितांकडे पुस्तकी ज्ञानही होते आणि विलक्षण कल्पनाही होती. तरीही भूकंपांच्या धक्क्यांनंतर ५५८ साली त्यांचा घुमट कोसळला. चुना-विटांचे बांधकाम घाईने वर चढवले की ते कसे वागते, भिंती कशा बाहेर झुकतात, हे भूमितीच्या ग्रंथांत लिहिलेले नव्हते. पुढे घुमट अधिक उंच करून पुन्हा बांधला गेला, आणि त्यानंतरही त्याचे भाग दोनदा पडले. सिनानच्या आधी हजार वर्षे लोक त्या इमारतीकडे थक्क होऊन पाहत होते. सिनानने नुसते थक्क होणे सोडले आणि तिची तपासणी केली. १५७३ च्या सुमारास तिला बाहेरून भक्कम आधार देऊन सावरण्याचे काम त्याच्याकडेच आले. ज्या इमारतीला मागे टाकण्याची त्याची आकांक्षा होती, तीच जतन करण्यासाठी त्याने कष्ट घेतले.

त्याच्या तीन मशिदी क्रमाने पाहिल्या, तर ज्ञान आणि कल्पना यांची वाटचाल स्पष्ट दिसते. पहिली शहजादे मशीद. १५४३ साली सुलतानाचा तरुण मुलगा मेहमद मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ ती १५४८ पर्यंत बांधली गेली. मधल्या घुमटाला चारही बाजूंनी चार अर्धघुमट जोडून सिनानने रेटा समान वाटून दिला. दुसरी सुलेमानिया, १५५० ते १५५७. तिचा घुमट सुमारे साडेसव्वीस मीटर व्यासाचा आहे. तिच्याभोवती मदरसे, दवाखाना आणि गरिबांसाठी लंगरखाना आहे. बांधकामाचे हिशेब आजही टिकून आहेत. त्यांत मुसलमान आणि ख्रिस्ती अशा दोन्ही कारागिरांच्या रोजंदारीच्या नोंदी सापडतात. या मशिदीत तेलाचे असंख्य दिवे जळत. सिनानने हवेचा प्रवाह असा खेळवला की काजळी भिंतींवर न बसता दरवाजावरच्या एका खोलीकडे ओढली जाई. तेथे ती गोळा करून तिची लिहिण्याची शाई बनवत. धूर कोणीकडे वाहतो हे ज्ञान. त्याची शाई होऊ शकते ही कल्पना. दोहोंना वेगळे करून दाखवा बरे!

सिनानविषयी एक गमतीची दंतकथाही सांगतात. मशिदीचे काम चालू असताना तो आत बसून हुक्का ओढत असल्याची चुगली कोणी सुलतानाकडे केली. प्रत्यक्षात हुक्क्यात तंबाखू नव्हती, पाण्याच्या गुडगुडीवरून तो आवाज कसा घुमतो ते पारखत होता, अशी ती कथा. ती खरी मानता येत नाही, कारण तंबाखू तेव्हा इस्तंबूलला पोहोचलीच नव्हती. मात्र आवाजाचा विचार त्याने केला होता हे खरे. मशिदीच्या घुमटात त्याने पोकळ मडकी बसवली आहेत. लोकांना त्याची कल्पकता गोष्टीत दिसली. ती प्रत्यक्षात चुन्यात आणि विटांत होती.

आपले म्हणणे आहे की यश मिळवणाऱ्याला अपयश येत नाही? तर मग पाण्याची हकिकत ऐका. इस्तंबूलला उत्तरेच्या जंगलातून पाणी आणण्याचे मोठे काम १५५४ पासून सिनानकडे होते. त्यासाठी दऱ्यांवर कमानींचे पूल बांधून त्यांवरून पाटाने पाणी आणायचे होते. काम पुरे होत आले, आणि १५६३ साली भयंकर महापूर आला. कमानी वाहून गेल्या. मागलोवा येथील पूल त्याने नव्याने बांधला, तो तळाशी रुंद आणि वर निमुळता होत जाणाऱ्या खांबांचा. तो छत्तीस मीटर उंचीचा पूल आजही उभा आहे. पुराने कल्पनेतली उणीव दाखवली. सिनानने ती उणीव मान्य करून ज्ञानात जमा केली.

आणि मग एदिर्ने शहरातील सलीमिया मशीद. १५६८ च्या सुमारास तिचे काम सुरू झाले, तेव्हा सिनान ऐंशीच्या आसपास होता. मोठा घुमट चार खांबांवर ठेवला की आतली जागा तुटते. नमाजींची सफ दुभंगते. सिनानने आठ खांब घेतले आणि ते भिंतींच्या जवळ सरकवले. घुमट जणू एकाच मोकळ्या जागेवर तोलला गेला. घुमटाचा व्यास सव्वाएकतीस मीटर आणि चार मिनार सुमारे सत्तर मीटर उंच! ही कल्पना ऐंशीव्या वर्षी अचानक स्फुरली असे समजू नका. १५६१ च्या सुमारास इस्तंबूलच्या बाजारपेठेत त्याने रुस्तम पाशाची मशीद बांधायला घेतली, तेव्हा आठ आधारांची हीच रचना त्याने सुमारे पंधरा मीटरच्या घुमटाखाली करून पाहिली होती. आधी लहान प्रयोग, मग मोठे धाडस. आयासोफियाला आपण मागे टाकले असे तो अभिमानाने सांगे. मापे घेतली तर घुमटाची रुंदी जवळजवळ सारखीच भरते आणि जमिनीपासूनची उंची आयासोफियाचीच जास्त आहे. पण आतल्या जागेची एकसंधता आणि रचनेची मजबुती यांत सलीमियाला तोड नाही. २०११ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

सिनानच्या नावावर चारशेहून अधिक बांधकामे नोंदलेली आहेत. ती सर्व त्याने एकट्याने केली नाहीत. त्याच्या हाताखाली वास्तुशिल्पींचे एक मोठे खाते होते; तेथे शिष्य घडत आणि नकाशे घेऊन दूरच्या प्रांतांत जात. मोस्तार येथील १५६६ चा प्रसिद्ध पूल हैरुद्दीनने बांधला, तोही त्याचा शिष्य. इस्तंबूलची सुलतान अहमद मशीद बांधणारा मेहमद आगा याच परंपरेतला. तो मुळात शिंपल्यांचे नक्षीकाम करणारा कारागीर होता. उस्तादाचे खरे यश शागीर्दांच्या कामातून मोजावे, ते असे.

गावातून सक्तीने नेलेला हा मुलगा आपले गाव विसरला नाही. सायप्रस जिंकल्यानंतर तेथे वस्ती करण्यासाठी कायसेरी भागातली कुटुंबे हलवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा त्याने आपल्या नातलगांसाठी अर्ज केला आणि १५७३ साली त्यांना सूट मिळाली. १५८८ साली तो वारला. सुलेमानियाच्या आवाराबाहेर, रस्त्याच्या कोपऱ्यावर त्याची साधी कबर आहे आणि तिच्या टोकाशी वाटसरूंसाठी पाणी पिण्याची सोय केलेली आहे.

वाचकहो, आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्ञान श्रेष्ठ की कल्पना? सिनानचे आयुष्य सांगते की इमारत उभी राहते ती ज्ञानावर, पण कोणती इमारत उभी करायची हे कल्पना ठरवते. नुसते ज्ञान असते, तर त्याने आयासोफियाची नक्कल करण्यात आयुष्य घालवले असते. नुसती कल्पना असती, तर त्याचा घुमट लोकांच्या डोक्यावर पडला असता. दोहोंत पहिला क्रम मात्र ज्ञानाचा आहे, आणि मोठा वेळही तेच घेते.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, अभ्यासाचा कंटाळा आला की त्याला कल्पकता हे नाव देऊ नका. पाठ केलेल्या प्रत्येक नियमाला विचारा : हा असाच का? दुसऱ्या रीतीने करता येईल का? आणि पालकहो, मुलगी घड्याळ उघडून बसली, मुलगा लाकडाच्या तुकड्यांशी झटत राहिला, तर वेळ वाया गेला म्हणून रागावू नका. मुलाने आयटीआयत सुतारकाम किंवा गवंडीकाम घेतले तर चार लोकांत मान खाली घालू नका. त्याला गणित आणि रेखाटनही शिकवा. एखाद्याला उशीर झाला, दोन वर्षे मागे पडला, तर त्याच्यावर शिक्का मारू नका. विशी उलटल्यावर हातात रंधा घेतलेल्या सुताराने बांधलेल्या घुमटाखाली आज साडेचारशे वर्षे नमाज अदा होत आहे. अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्मही देवो आणि त्या इल्मातून नवे घडवण्याची दृष्टीही देवो.