होडीतून येणारे डॉक्टर : विल्फ्रेड ग्रेनफेल
पालकहो, हे चरित्र मुलांना जरूर सांगा. इंग्रज डॉक्टर ग्रेनफेल १८९२ साली जहाजाने लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर गेले. हा भाग आज कॅनडात आहे. तिथले कोळी कॉड मासा धरायचे, पण मासळी सगळी व्यापाऱ्याच्या उधारीत जायची. रोख पैसा क्वचितच दिसे. औषधपाणी तर दूरच! पुढच्याच वर्षी त्यांनी बॅटल हार्बरला इस्पितळ काढलं, नंतर सहकारी दुकानंही.

१९०८ च्या एप्रिलमध्ये पेशंटकडे जाताना समुद्रावरचा बर्फ फुटला. तरंगत्या तुकड्यावर रात्र काढायची होती. गाडीच्या कुत्र्यांपैकी तिघांना मारून त्यांची कातडी पांघरावी लागली. (लहान वर्गात हे जरा जपूनच सांगा.) दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनीच होडी घालून त्यांना वाचवलं. त्या तीन कुत्र्यांच्या नावांची पाटी डॉक्टरांनी घरात लावली.