उंदरांवर कविता लिहिली म्हणून गाजले, अश्लीलतेच्या खटल्यात अडकले. पण मर्ढेकर शेवटपर्यंत सौंदर्यच शोधत होते

कवितेत काय असावं? चंद्र, फुलं, पाऊस की पिंपात मरून पडलेले उंदीर?

१९४७ साली ‘काही कविता’ हा संग्रह आला आणि या प्रश्नावरून मराठी वाचकांत दोन तट पडले. कवी होते बाळ सीताराम मर्ढेकर.

मर्ढेकरांचा जन्म १ डिसेंबर १९०९ चा, खानदेशातल्या फैजपूरचा. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकून ते आय.सी.एस.साठी इंग्लंडला गेले. ती परीक्षा काही जमली नाही, पण युरोपातल्या नव्या कवितेची आणि कलाविचाराची ओळख झाली. परत आल्यावर आधी इंग्रजीचे प्राध्यापक झाले, मग रेडिओत नोकरी धरली.

१९३९ चा त्यांचा पहिला संग्रह ‘शिशिरागम’ मात्र हळवा, बालकवींच्या वळणाचा होता.

त्याच वर्षी दुसरं महायुद्ध पेटलं. माणसं यंत्रासारखी वापरली जात होती, किड्यामुंगीसारखी मरत होती. मर्ढेकरांची भाषाच बदलली. त्यांनी संतांचे अभंग-ओवीचे साचे घेतले आणि त्यात गिरण्या, यंत्रं, गर्दी आणि मरण भरलं.

आयर्लंडचा कवी यीट्ससुद्धा १९१६ च्या डब्लिनमधल्या उठावानंतर अशाच पेचात सापडला होता. सौंदर्याची पूजा करणाऱ्या कवीनं रक्तपाताकडे बघायचं तरी कसं?

मर्ढेकरांना या पेचाची किंमत मोजावी लागली. ‘काही कविता’मधल्या काही रचनांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. सरकारी रेडिओत नोकरी करणारा माणूस आरोपी म्हणून कोर्टात उभा राहिला. अखेर ते निर्दोष सुटले. १९५१ मध्ये त्यांनी ‘आणखी काही कविता’ काढून आपली वाट सोडली नसल्याचं दाखवून दिलं.

गंमत म्हणजे हाच माणूस मराठीतला मोठा सौंदर्यमीमांसक. त्यांचं म्हणणं साधं होतं. सौंदर्य विषयात नसतं, रचनेत असतं. संवाद, विरोध आणि समतोल या तीन प्रकारच्या लयींतून ते उभं राहतं. म्हणजे गुलाबावरची कविता कुरूप असू शकते आणि उंदरावरची सुंदर.

हा विचार मांडणाऱ्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी २० मार्चला दिल्लीत मर्ढेकर गेले. वय होतं अवघं ४६.

ज्यांच्या कवितेला घाणेरडी म्हटलं गेलं, त्यांनाच आज मराठी नवकवितेचे प्रवर्तक मानतात.