शेतकऱ्याला गुरू मानणारा साहेब

शहरातल्या दुकानांत ‘सेंद्रिय’ असा शिक्का असलेला गूळ, डाळी आणि भाजी चढ्या भावाने विकली जाते. या शिक्क्यामागचा विचार युरोप-अमेरिकेतून आला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. हा विचार ज्यांनी शास्त्राच्या चौकटीत मांडला ते सर अल्बर्ट हॉवर्ड इंग्रज होते; पण त्यांची शाळा भरली ती बिहारमधील पुसा आणि माळव्यातील इंदूर येथे.

८ डिसेंबर १८७३ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. केंब्रिजमध्ये निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेऊन ते वेस्ट इंडीजमध्ये बुरशीशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. उसावरचे रोग सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे आणि मळेवाल्यांना सल्ला द्यायचा, हे त्यांचे काम. मात्र स्वतःच्या हाताखाली शेत नसल्याने दिलेला सल्ला चालतो की नाही, हे पडताळण्याची सोय नव्हती. प्रयोगशाळा आणि शेत यांतील हे अंतर त्यांना तेव्हापासून खुपू लागले.

१९०५ साली ते पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गॅब्रिएल स्वतः केंब्रिजच्या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. पुसाच्या गव्हाच्या सुधारित वाणांमागे या दोघांचे संयुक्त परिश्रम होते. पुढे गॅब्रिएल यांनाही सरकारी पद मिळाले. तरीही श्रेय वाटताना त्यांचे नाव नेहमीच मागे राहिले, ही खेदाची गोष्ट आहे.

पुसाच्या परिसरातील शेतकऱ्यांची पिके कोणतेही औषध न फवारता बऱ्यापैकी निरोगी असतात, हे हॉवर्ड यांच्या लक्षात आले. शिकवायला आलेल्या साहेबाने मग शिकायचे ठरवले. गावकरी शेतकरी आणि पिकांवरची कीड या दोघांनाच त्यांनी गुरू केले. कीड म्हणजे शत्रू नव्हे. जमिनीत किंवा मशागतीत कुठे चुकले ते दाखवणारी ती खूण आहे, असे त्यांचे मत बनले. त्यांच्या बैलांच्या बाबतीतील अनुभव तर प्रसिद्धच आहे. त्यांच्या शेतावरच्या चाऱ्यावर पोसलेले बैल कुंपणापलीकडच्या लाळ-खुरकूत झालेल्या गुरांच्या नाकाला नाक लावत, तरी त्यांना रोग झाला नाही. सुपीक माती, निरोगी पीक, निरोगी जनावर आणि निरोगी माणूस ही एकच साखळी आहे, हा सिद्धांत त्यांनी यातून काढला. निरीक्षण विलक्षण होते. पण एवढ्या मोठ्या निष्कर्षाला मूठभर बैलांचा आधार अपुराच म्हणावा लागेल.

विषयवार तुकडे पाडणाऱ्या सरकारी संशोधनाला कंटाळून ते १९२४ साली इंदूरला गेले. होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर आणि भारतीय मध्यवर्ती कापूस समितीच्या पैशावर तेथे नवी संस्था उभी राहिली. विषय होता कापूस, पण संस्था अजरामर झाली ती खतामुळे. शेण गोवऱ्या होऊन चुलीत जात होते आणि जमीन उपाशी राहत होती. रसायन विभागातील सहकारी यशवंत वाड यांच्यासह हॉवर्ड यांनी ‘इंदूर पद्धत’ बसवली. पऱ्हाट्यांसारखे टणक अवशेष गाडरस्त्यावर पसरून चाकांखाली चिरडायचे. पालापाचोळा आणि तण गुरांखाली अंथरायचे. मग शेण, गोमूत्र मुरलेली गोठ्यातली माती आणि राख यांच्यासह उथळ खड्ड्यात थर द्यायचे. ओल राखायची, पण पाणी साचू द्यायचे नाही. हवा मिळावी म्हणून ठरावीक दिवसांनी खालीवर करायचे. आधी बुरशी आणि मग जिवाणू आपले काम करतात आणि सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. उकिरड्याला मिळालेली ही शास्त्राची शिस्त होती. १९३१ साली हॉवर्ड आणि वाड यांच्या नावाने या पद्धतीवर पुस्तक निघाले. ते पाहायला गॅब्रिएल नव्हत्या. १९३० साली त्यांचे निधन झाले होते. त्यांची बहीण लुईझ यांच्याशी हॉवर्ड यांनी पुढे विवाह केला.

इंग्लंडला परतल्यावर १९३४ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३५ च्या एप्रिलमध्ये महात्मा गांधींनी इंदूरला जाऊन हे खत पाहिले. केनियातील कॉफीच्या मळ्यांपर्यंत पद्धत पोहोचली. १९४० साली ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ हा ग्रंथ आला आणि वाद पेटला. नत्र, स्फुरद, पालाश मोजून घातले की जमिनीचे देणे फिटले, या समजावर त्यांनी कठोर टीका केली. शास्त्रज्ञांनी तुलनात्मक प्रयोगांचा पुरावा मागितला. हॉवर्ड यांचा छोट्या वाफ्यांवरच्या आकडेवारीवर विश्वासच नव्हता. या हट्टाने त्यांच्या विचाराचे नुकसानच केले.

हा पुरावा पुढे इतरांनी जमवला. स्वित्झर्लंडमध्ये १९७८ पासून चाललेल्या प्रयोगाचे २१ वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सेंद्रिय शेतात उत्पन्न सरासरी २० टक्क्यांनी कमी होते. पण मातीतील गांडुळे आणि सूक्ष्मजीव अधिक होते आणि खते-कीटकनाशकांचा वापर बराच कमी. सेंद्रिय अन्नात कीटकनाशकांचे अवशेष कमी आढळतात, हेही दिसून आले आहे. पोषणमूल्यांतील फरक मात्र हॉवर्ड यांना वाटत होता तेवढा ठळक निघालेला नाही. मातीबद्दल ते बरेचसे बरोबर ठरले. माणसाच्या आरोग्याबद्दलचा त्यांचा दावा अजून पुरता सिद्ध व्हायचा आहे.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाल्यानंतर दोन महिन्यांनी, हॉवर्ड यांचे निधन झाले. लुईझ यांनी १९५३ साली त्यांच्या भारतातील कार्यावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. इंदूरच्या त्या जागेवर आता कृषी महाविद्यालय आहे.