भीतीशी भांडण सोडणारा डॉक्टर : शोमा मोरिता

चारचौघांत बोलायला उभे राहिले की तोंडाला कोरड पडते, हात कापतात, चेहरा लाल होतो. हा अनुभव कमीअधिक प्रमाणात सर्वांनाच असतो. परंतु काही माणसांच्या बाबतीत तो एवढ्यावर थांबत नाही. नोकरीची मुलाखत, लग्नसमारंभ, कचेरीतील बैठक, एवढेच काय, दुकानदाराकडून एखादी वस्तू बदलून घेणे हेही त्यांना संकट वाटू लागते. लोक काय म्हणतील या एकाच प्रश्नाभोवती त्यांचे आयुष्य आकसत जाते. वैद्यकशास्त्र आज या स्थितीला सामाजिक भयगंड म्हणते. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८० साली. त्यापूर्वी सुमारे साठ वर्षे टोकियोमधील एक डॉक्टर अशा रुग्णांना आपल्या राहत्या घरी ठेवून बरे करू पाहत होता. त्याचे नाव शोमा मोरिता. जपानमध्ये हे नाव मानसोपचाराच्या इतिहासात मानाने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे परिचित नाही.

मोरिता यांचा जन्म १८ जानेवारी १८७४ रोजी शिकोकू बेटावरील कोची प्रांतात एका खेड्यात झाला. हे कोची अर्थातच केरळमधील नव्हे. या जपानी प्रांताचे जुने नाव तोसा. त्यांच्या नावाच्या चित्रलिपीतील अक्षरांचे मासाताके आणि शोमा असे दोन उच्चार होतात आणि दोन्ही नावांनी ते ओळखले जातात. वडील शिक्षकी पेशातले, मुलाच्या अभ्यासाबाबत अतिशय कडक. त्या धाकामुळे मुलाला शाळेचाच तिटकारा येऊ लागला.

नऊ-दहा वर्षांचे असताना गावच्या बौद्ध मंदिरात त्यांनी नरकयातनांचे एक रंगीत चित्र पाहिले. उकळत्या कढया, सुळ्यांचे डोंगर, तळमळणारे जीव. त्या दिवसापासून मृत्यूच्या भयाने या मुलाला पछाडले. रात्री झोप येईना. बाराव्या वर्षापर्यंत अंथरूण ओले होत असे आणि त्याची लाज मनात खोल रुतून बसली. तोसा प्रांताचा लाडका वीर साकामोतो र्‍योमा यालाही लहानपणी हाच त्रास होता, हे समजल्यावर त्यांना मोठा धीर आला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. आपल्यासारखे आणखी कोणी आहे, एवढे कळण्यानेही लाजेचा भार हलका होतो, हा धडा त्यांना असा लहानपणीच मिळाला.

पुढील वर्षे आजारपणातच गेली. छातीत धडधड, डोकेदुखी, पाठदुखी, थकवा. कुमामोतो येथील उच्च विद्यालयातून ते १८९८ साली टोकियोच्या शाही विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकण्यासाठी दाखल झाले. तेथे डॉक्टरांनी त्यांना न्यूरास्थेनिया, म्हणजे मज्जातंतूंची दुर्बलता, आणि बेरीबेरी अशी दोन निदाने दिली. औषधे सुरू झाली. परीक्षा तोंडावर आली होती आणि ती देण्याची ताकद आपल्यात नाही अशी त्यांची खात्री झाली होती. अशातच घरून येणारे पैसे थांबले. वडिलांनी आपल्याला वाऱ्यावर सोडले या समजुतीने तरुण मोरिता संतापले. मेलो तर मेलो, अशा निकराने त्यांनी औषधे बाजूला सारली, प्रकृतीची काळजी सोडली आणि रात्रंदिवस अभ्यासाला जुंपून घेतले. परीक्षा झाली. निकाल त्यांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगला लागला. नवल म्हणजे ज्या दुखण्यांनी त्यांना इतकी वर्षे बांधून ठेवले होते, ती या धांदलीत कोठल्या कोठे गेली होती. पैसे न येण्याचे कारणही साधेच निघाले. गावाकडील कामाच्या गडबडीत ते पाठवायचे राहून गेले होते.

या प्रसंगाने त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा केला. प्रकृतीची चिंता करण्यात आयुष्य घालवले तेव्हा दुखणे वाढत गेले आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून काम हाती घेताच ते ओसरले, असे का व्हावे? पुढची जवळजवळ चार दशके ते याच प्रश्नाच्या मागे राहिले.

१९०२ साली पदवी घेतल्यावर ते जपानी मनोविकारशास्त्राचे अध्वर्यू शूझो कुरे यांच्या हाताखाली सुगामो रुग्णालयात काम करू लागले. पुढच्याच वर्षापासून टोकियोतील जिकेइ वैद्यकीय विद्यालयात ते शिकवूही लागले. तोसा भागात अंगात श्वानदेवता संचारते, अशी समजूत होती. अशा झपाटलेल्या माणसांची पाहणी करण्यासाठीही ते हिंडले. मात्र त्यांचे खरे लक्ष होते ते वेड न लागलेल्या, तरीही जगणे कठीण झालेल्या माणसांकडे. चेहरा लाल होईल या भीतीने घराबाहेर न पडणारा विद्यार्थी, आपल्या नजरेने समोरच्याला त्रास होतो अशा समजुतीने मान वर न करणारा कारकून, हे त्यांचे रुग्ण. त्या काळी युरोपात प्रचलित असलेले सर्व उपाय त्यांनी या रुग्णांवर करून पाहिले. संमोहन झाले, सक्तीची विश्रांती झाली, तर्काने समजूत घालणे झाले. संमोहनाने काही दिवस बरे वाटे आणि मग भीती पुन्हा परत येई.

१९१९ साली योगायोगाने वाट सापडली. रुग्णालयातील ओळखीची एक परिचारिका दीर्घकाळ अशाच विकाराने त्रस्त होती. मोरिता यांनी तिला काही दिवस स्वतःच्या घरी राहायला बोलावले. घरातील नित्याची कामे करता करता ती सुधारली. तेव्हापासून त्यांचे घर हेच रुग्णालय झाले.

त्यांची पद्धत चार टप्प्यांची होती. पहिला सुमारे आठवडा रुग्णाने एकट्याने नुसते पडून राहायचे. वाचन नाही, गप्पा नाहीत, कसलीही करमणूक नाही. जेवणखाण आणि देहधर्म एवढ्यापुरतेच उठायचे. मनात भीती आली तर तिला हाकलायचे नाही आणि गोंजारायचेही नाही. ती वाढते, शिखराला पोहोचते आणि आपोआप उतरते, हे रुग्णाला स्वतःच अनुभवायला मिळे. त्यातून आलेल्या कंटाळ्यामुळे काहीतरी करावे अशी ओढ लागली की दुसऱ्या टप्प्यात अंगण झाडणे, बाग न्याहाळणे अशी हलकी कामे मिळत. तिसऱ्यात लाकडे फोडणे, स्वयंपाकघरातील कामे अशी अंगमेहनत असे. चौथ्यात बाजारहाट, लोकांत मिसळणे आणि आपल्या नेहमीच्या आयुष्यात परतणे. सारा कार्यक्रम साधारणतः चाळीस दिवसांचा. दुसऱ्या टप्प्यापासून रुग्णाने रोज दैनंदिनी लिहायची आणि डॉक्टरांनी तिच्यावर शेरे मारायचे. लक्षणांविषयीच्या तक्रारींकडे ते मुद्दाम कानाडोळा करत. आज काय काम केले, एवढेच विचारत. या साऱ्या व्यापात पत्नी हिसाइ यांचा वाटा मोठा होता.

या पद्धतीमागे एक साधा विचार होता. लाजणे, घाबरणे, छाती धडधडणे या निसर्गाने दिलेल्या प्रतिक्रिया आहेत. पाऊस पडू नये असे म्हणून जसा पाऊस थांबत नाही, तशा त्याही इच्छेने थांबत नाहीत. परंतु भित्रा माणूस त्या थांबवायला जातो. आपला चेहरा लाल तर झाला नाही ना, म्हणून तो सतत स्वतःकडे पाहत राहतो. लक्ष दिल्याने संवेदना तीव्र होते आणि संवेदना तीव्र झाल्याने लक्ष आणखी तिच्याकडे जाते. या दुष्टचक्राला मोरिता यांनी रोगाचे मूळ मानले. भीतीला आहे तशी राहू द्यावी आणि हातातले काम करत राहावे, ही त्यातून सुटण्याची वाट. ज्याला चांगले जगण्याची, लोकांच्या मनात स्थान मिळवण्याची तीव्र इच्छा असते त्यालाच नाकारले जाण्याचे भय अधिक वाटते, असेही त्यांचे निरीक्षण होते. म्हणून भित्र्या माणसाला त्यांनी दुबळा मानले नाही. त्याच्यातील ती इच्छाच त्यांनी उपचाराचे बळ म्हणून वापरली.

लोकांच्या या भीतीला जपानमध्ये ताइजिन क्योफुशो म्हणतात. आपली फजिती होईल, यापेक्षा आपल्यामुळे समोरच्याला अवघडल्यासारखे होईल, ही चिंता तिच्यात ठळक असते. २०१३ साली अमेरिकी निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीने या जपानी संकल्पनेची स्वतंत्र नोंद घेतली.

मोरिता यांचे म्हणणे सर्वांनाच पटले असे नाही. फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचे जपानमधील पुरस्कर्ते कियोयासु मारुइ यांच्याशी मनोविकारतज्ज्ञांच्या परिषदांमधून त्यांचे खटके उडत आणि ते वाद पुढे गाजले. खासगी आयुष्यातही दुःखे कमी नव्हती. १९३० साली एकुलता एक मुलगा ऐन तारुण्यात गेला. १९३५ साली पत्नी गेली. स्वतः मोरिता क्षयाने जर्जर होते. भावनांना वाट देणारा हा डॉक्टर मुलाच्या मृत्यूनंतर शिष्यांसमोर रडला आणि अखेरच्या काळात मृत्यूचे भय वाटत नाही असे सोंगही त्याने आणले नाही. १२ एप्रिल १९३८ रोजी मोरिता यांचे निधन झाले. मंदिरातील त्या चित्राने मनात पेरलेले भय संपूर्ण गेले नसेल, पण त्या भयासह त्यांनी आयुष्यभर काम केले होते.

त्यांचे शिष्य ताकेहिसा कोरा यांनी ही परंपरा पुढे नेली. क्योतो येथील सानसेइ रुग्णालयात २०१४ सालापर्यंत या पद्धतीने उपचार होत असत. जर्मनीत जन्मलेल्या विख्यात मनोविश्लेषक कारेन हॉर्नी १९५२ साली जपानला गेल्या तेव्हा त्यांनीही या पद्धतीत रस घेतला.

मोरिता यांचे चरित्र वाचताना एका गैरसमजापासून मात्र सावध राहायला हवे. औषधे टाकली आणि बरा झाला, एवढाच अर्थ त्यातून काढणे धोक्याचे आहे. त्यांनी सोडलेली औषधे एकोणिसाव्या शतकातील होती. बेरीबेरी हा जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो, हेही तेव्हा सिद्ध झालेले नव्हते. सामाजिक भयगंडावर गुणकारी म्हणता येईल असे औषधच त्या काळी उपलब्ध नव्हते. आज ते आहे. मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणाऱ्या सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, पॅरॉक्सेटिन यांसारख्या गोळ्यांचा अनेक रुग्णांना चांगला उपयोग होतो. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या डॉक्टरांना न विचारता एकाएकी बंद करायच्या नसतात. मोरिता यांच्या जपानमध्येही फ्लुवॉक्सामिनला या विकारासाठी २००५ साली मान्यता मिळाली. भाषणापूर्वीची थरथर आणि धडधड कमी करण्यासाठी काहींना प्रोप्रानोलॉल दिले जाते. दम्याच्या रुग्णांना मात्र ते चालत नाही. झोपेच्या वा शामक गोळ्यांची सवय लागण्याचा धोका असतो, म्हणून त्या दीर्घकाळ घेणे टाळले जाते.

मोरिता यांची पद्धतही परीक्षेच्या पलीकडची नाही. चिंताविकारांवरील तिच्या उपयोगाचा २०१५ साली कॉक्रेन या संस्थेने आढावा घेतला, तेव्हा हाती आलेला पुरावा निष्कर्षासाठी अपुरा ठरला. सामाजिक भयगंडासाठी आज सर्वाधिक भक्कम पुरावा आहे तो बोधात्मक वर्तनोपचाराच्या बाजूने. परंतु त्या उपचाराचे एक मुख्य सूत्र काय आहे? स्वतःवर खिळलेले लक्ष बाहेर वळवणे आणि टाळलेल्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरे जाणे. टोकियोतील त्या घरात अंगण झाडणारे आणि लाकडे फोडणारे रुग्ण बरेचसे हेच शिकत होते.

आपल्याकडे बुजरेपणा हा स्वभाव समजला जातो. मुलगी असेल तर त्याचे कौतुकही होते, मुलगा असेल तर टिंगल होते. उपचाराचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही आणि शिक्षण, नोकरी, विवाह यांच्या संधी एकामागून एक हुकत जातात. लाज वाटणे हा दोष नव्हे. तिच्यामुळे जगणे अडत असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणाही नाही. भीती संपूर्ण जाण्याची वाट पाहत दाराआड थांबू नये, तिला बरोबर घेऊनच दार उघडावे, असे शोमा मोरिता यांचे आयुष्य सांगते. त्यासाठी कुणाला गोळीचा आधार लागेल, कुणाला समुपदेशनाचा, तर कुणाला दोन्हींचा.