जिनिव्हाची लेक, खानोलकरांची सून

मुलगी लग्न होऊन सासरी जाते तेव्हा तिला नवे घर, नवी माणसे आणि पुष्कळदा नवे नावही मिळते. आपल्याकडे ही गोष्ट इतकी रोजची झाली आहे की तिच्यातल्या कष्टाचा भाग कुणाच्या ध्यानातही येत नाही. पैठणची मुलगी जालन्याला दिली तरी पहिले वर्षभर तिला आमटीच्या चवीपासून सणावारांच्या रीतीपर्यंत सारे नव्याने शिकावे लागते. मग जी मुलगी थेट स्वित्झर्लंडहून एका मराठी घरात सून म्हणून आली, तिला काय काय शिकावे लागले असेल?

ही मुलगी म्हणजे सावित्रीबाई खानोलकर. परमवीरचक्राचे रेखाटन करणाऱ्या म्हणून त्यांचे नाव आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात वाचतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. परंतु त्या पदकाचे काम त्यांच्याकडे आले ते लग्नानंतर पंधरा वर्षांनी. त्या पंधरा वर्षांत एक परदेशी नववधू ह्या देशाची कशी झाली, हे समजून घेतल्याखेरीज त्या पदकाचेही मर्म कळत नाही. शिवाय ह्या कहाणीचा एक धागा आपल्या शहराशी जुळलेला आहे.

त्यांचे माहेरचे नाव ईव्ह इव्होन मादे द मारोस. जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. वडील आंद्रे द मादे हे मूळचे हंगेरीचे. जिनिव्हा विद्यापीठात ते समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि पुढे राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयातही त्यांनी काम केले. आई रशियन, पेशाने शिक्षिका. ईव्हचे मातृछत्र फार लवकर हरपले आणि ती वडिलांच्या छायेत, पुस्तकांच्या सहवासात वाढली. म्हणजे ही मुलगी जन्मतःच कोण्या एका देशाची नव्हती. रक्त हंगेरीचे आणि रशियाचे, शहर जिनिव्हा, बोली फ्रेंच. पहिल्या महायुद्धाने होरपळलेल्या जगाला एकत्र आणण्याची खटपट ज्या शहरात चालली होती, त्याच शहरात तिचे बालपण गेले.

१९२९ साली तिची गाठ विक्रम रामजी खानोलकर ह्या तरुणाशी पडली. खानोलकर हे आडनाव वेंगुर्ल्याजवळच्या खानोली गावावरून आलेले. डेहराडूनची लष्करी अकादमी १९३२ साली सुरू झाली. तोपर्यंत सैन्यात राजाचे कमिशन मिळवू पाहणाऱ्या हिंदी तरुणाला इंग्लंडातील सँडहर्स्टला जावे लागे. विक्रम तेथेच शिकत होते आणि सुट्टीत स्वित्झर्लंड पाहायला आले होते. ईव्ह तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. वयात बरेच अंतर, देश वेगळा, धर्म वेगळा, शिवाय त्याचा देश पारतंत्र्यातला. तरी मन जडले ते जडलेच. इतक्या दूरच्या मुलखात लेकीला पाठवायला वडिलांनी साफ नकार दिला. समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला तरी बाप तो बापच!

शिक्षण संपवून विक्रम हिंदुस्थानात परतले आणि अकराव्या शीख रेजिमेंटच्या पाचव्या पलटणीत दाखल झाले. त्यांची पहिली नेमणूक औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाली. जिनिव्हा आणि औरंगाबाद ह्या दोन गावांमध्ये पत्रांची ये-जा सुरू राहिली. बोटीने जाणाऱ्या टपालाचा तो काळ होता. एका पत्राचे उत्तर यायला कित्येक आठवडे लागत. ह्या अंतराने पोरवयातले वेड ओसरेल असे वडिलांना वाटले असल्यास नवल नाही. ते ओसरले नाही. ईव्ह हिंदुस्थानात आली आणि १९३२ साली लखनौ येथे दोघांचा विवाह झाला. खानोलकरांच्या घरातून प्रथम थोडा विरोध झाला, पण तो टिकला नाही. ईव्हने हिंदू धर्म स्वीकारला आणि तिचे नाव सावित्री ठेवण्यात आले.

सावित्री म्हटले की आपल्याला वडाची पूजा आठवते. पण महाभारतातील सावित्रीची कथा वडापासून सुरू होत नाही. वर शोधण्यासाठी ती स्वतः घराबाहेर पडते, सत्यवानाची निवड स्वतः करते, आणि नारदाने धोक्याची सूचना दिल्यावर, पित्याने दुसरा वर पाहा असे विनवल्यावरही आपल्या निवडीवर ठाम राहते. जिनिव्हाच्या ह्या मुलीला ते नाव किती चपखल बसले होते, हे नाव ठेवणाऱ्यांना तरी ठाऊक होते की नाही कोण जाणे.

त्या वेळचे औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते. राज्यकारभार उर्दूत चाले आणि लोक मराठी बोलत. छावणीतले शीख जवान आपसात पंजाबीत बोलत. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये इंग्रजीखेरीज दुसरी भाषा ऐकू येत नसे. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या मराठी नवऱ्याची बायको व्हायचे, आणि मनातले सारे विचार तर फ्रेंचमध्ये! शिवाय त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यांच्या समाजात हिंदी माणसाशी लग्न करणाऱ्या गोऱ्या स्त्रीकडे तिरक्या नजरेने पाहिले जाई. गोऱ्यांना ती दुरावलेली आणि काळ्यांना ती परकी, अशी ही दुहेरी कोंडी होती.

ह्याच सुमारास निजामाच्या राज्यात परदेशातून आणखी एक सून आली होती. तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाची कन्या दुर्रुशेहवार हिचा विवाह १२ नोव्हेंबर १९३१ रोजी फ्रान्समधील नीस शहरात निजामाचा थोरला मुलगा आझम जाह ह्याच्याशी झाला आणि ती हैदराबादेत आली. तिच्यासाठी महाल होते, दासदासी होत्या, बापाच्या घराण्याचे वलय होते. सावित्रीबाईंच्या वाट्याला आला तो लष्करी अधिकाऱ्याचा बदलीचा संसार. राजकन्येने राज्याच्या रीतीशी जमवून घ्यायचे होते, आणि सावित्रीबाईंना तर माणसांशी बोलायला लागणाऱ्या साध्या शब्दांपासून आरंभ करायचा होता.

तो आरंभ त्यांनी केला. साडी नेसायला लागल्या, शाकाहारी झाल्या आणि थोड्याच काळात मराठी व हिंदी बोलू लागल्या. पुढे विक्रम यांची बदली पाटण्याला झाली. बदली म्हणजे सामानाची बांधाबांध, मांडलेले घर पुन्हा मोडणे. पण सावित्रीबाईंनी पाटण्याला विद्यापीठ गाठले. तेथे त्यांनी संस्कृत नाटक, वेदान्त, उपनिषदे आणि हिंदू धर्म ह्यांचा अभ्यास केला. संगीत आणि चित्रकला शिकल्या. नृत्यासाठी उदयशंकरांचे शिष्यत्व पत्करले. ह्यात एक गंमत आहे. उदयशंकर हे युरोपात जाऊन, तेथे नाव मिळवून परत आलेले कलावंत, आणि त्यांच्यापाशी हिंदी नृत्य शिकायला बसली ती युरोप सोडून आलेली स्त्री.

येथे आपल्यापैकी एखादी विद्यार्थिनी शंका काढील, आणि ती रास्त आहे. नाव बायकोने बदलले, धर्म तिने बदलला, खाणेपिणे, वेष, भाषा सारे तिनेच बदलले. नवऱ्याला काय बदलावे लागले? आणि मग अशा स्त्रीचा आदर्श आपल्यापुढे ठेवायचा म्हणजे सुनेने मुकाट्याने सासरच्या साच्यात बसावे, हेच पुन्हा सांगायचे ना?

सावित्रीबाईंचे चरित्र सांगणारे बहुतेक जण त्या दुधात साखर विरघळावी तशा येथे सहज मिसळून गेल्या असे लिहितात. मला ते पटत नाही. सहज काहीच झाले नसणार. संस्कृतची विभक्ती कोणाला सहज येत नाही, हे आपल्या वर्गातल्या कोणालाही विचारावे! पण वरील शंकेचे उत्तरही ह्या कष्टांतच आहे. सासरी राहण्यासाठी साडी, मराठी आणि घरच्या चालीरीती एवढे पुरे होते. उपनिषदे वाचलीच पाहिजेत, असे कोणत्या सासूने सुनेला सांगितले आहे? संस्कृत नाटके, वेदान्त, नृत्य हे सारे सावित्रीबाईंनी सासरसाठी नव्हे तर स्वतःसाठी घेतले. सासरने जे मागितले त्याच्या कितीतरी पुढे त्या गेल्या. आपण मुळात हिंदीच आहोत, चुकून युरोपात जन्मलो, असे त्या सांगत आणि कोणी परदेशी म्हटलेले त्यांना मुळीच खपत नसे. हा हक्क त्यांना लग्नाने मिळाला होताच, पण अभ्यासाने त्यांनी तो पक्का करून घेतला.

देश स्वतंत्र झाल्यावर ब्रिटिशांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी आपले स्वतःचे शौर्यपदक हवे होते. ही जबाबदारी सैन्याचे पहिले हिंदी ॲडज्युटंट जनरल, मेजर जनरल हिरालाल अटल ह्यांच्याकडे होती. त्यांनी पदकाच्या रेखाटनासाठी सावित्रीबाईंना विचारले, ते पुराणे आणि प्राचीन इतिहास ह्यांचा त्यांचा व्यासंग माहीत होता म्हणून. सावित्रीबाईंना दधीची ऋषी आठवले. वृत्रासुराला मारण्यासाठी इंद्राला वज्र हवे होते आणि ते घडवायला दधीचींनी आपल्या अस्थी दिल्या. दधीची लढले नाहीत, त्यांनी देह दिला. सैनिकाच्या बलिदानाला ह्याहून नेमकी उपमा कोणती मिळाली असती? कांस्याच्या त्या गोल पदकावर मध्ये राजमुद्रा आणि तिच्याभोवती इंद्राची चार वज्रे आली. मागच्या बाजूस हिंदी व इंग्रजी अक्षरांच्या मध्ये दोन कमळे आली. जांभळ्या फितीला ते लटकते. महावीरचक्र, वीरचक्र, अशोकचक्र ही पदकेही त्यांच्याच रेखाटनातून आली.

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्र, महावीरचक्र आणि वीरचक्र ही पदके विधिवत स्थापन झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. पहिले परमवीरचक्र मिळाले ते ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमधील बडगाम येथे धारातीर्थी पडलेल्या मेजर सोमनाथ शर्मा ह्यांना. हे सोमनाथ शर्मा सावित्रीबाईंच्या थोरल्या मुलीचे दीर! जे पदक कागदावर रेखाटले ते पहिल्यांदा आपल्याच सोयऱ्यांच्या घरी, आणि तेही मरणोत्तर यावे, हा योग कोणाही आईला हलवून टाकणारा आहे. आजवर एकवीस वीरांना हे पदक मिळाले, त्यांपैकी चौदा जणांना मृत्यूनंतर. दधीचींची कथा निवडणाऱ्या ह्या बाईला सैनिकाच्या घराची स्थिती नीट कळली होती, असेच म्हणावे लागते. फाळणीतले निर्वासित आणि जवानांची कुटुंबे ह्यांच्यासाठी त्या काम करीत आल्या होत्या, ते कामही त्यांनी पुढे चालू ठेवले.

१९५२ साली विक्रम खानोलकर निवर्तले. ते तेव्हा मेजर जनरल होते आणि सावित्रीबाई चाळिशीच्याही आत. ज्याच्यासाठी देश सोडला तोच गेला. आता परत जायला कोणी हरकत घेतली नसती. कथेतली सावित्री सत्यवानाला परत घेऊन आली. ह्या सावित्रीला ते शक्य नव्हते. पण नवरा गेला म्हणून त्याचा देश परका झाला नाही. सावित्रीबाई येथेच राहिल्या. रामकृष्ण मठाच्या आश्रयाने त्यांनी अध्यात्माची वाट धरली आणि लेखन केले. महाराष्ट्रातील संतांवर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि संस्कृत नावांचा एक कोशही रचला. जिचे स्वतःचे नाव एकोणिसाव्या वर्षाच्या आगेमागे बदलले गेले, तिने पुढे नावांचे अर्थ गोळा करावेत, हे मला फार बोलके वाटते. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्याची सत्याहत्तर वर्षे, त्यांतली अठ्ठावन्न ह्या देशात.

संतांवरच्या त्या ग्रंथाचा विचार करताना मन पुन्हा आपल्या परिसराकडे वळते. एकनाथांचे पैठण आपल्या जिल्ह्यात आहे. ज्ञानेश्वरांचे आपेगावही तेथून जवळच. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी होते ते देवगिरीच्या किल्ल्यावर, आणि तो किल्ला तर वेरूळच्या सहलीला जाताना आपल्याला बसच्या खिडकीतून दिसतो. जन्माने हे सारे आपल्याला आयते मिळाले. आयते मिळाले म्हणून आपण ते उघडूनही पाहत नाही. सावित्रीबाईंना ते शब्द शब्द जोडून मिळवावे लागले आणि म्हणून परक्या वाचकाला समजावून सांगता आले.

आपल्या वर्गातील कित्येक मुली उद्या दूरच्या गावी, कदाचित दूरच्या देशी संसार थाटतील. मुलगेही नोकरीसाठी जातील. नव्या ठिकाणची माणसे त्यांना काही काळ परके म्हणतीलच. तेव्हा छावणीच्या रस्त्याने जाताना एवढे आठवावे, की जिनिव्हाहून निघालेली पत्रे ह्याच गावात येत होती, आणि ती लिहिणारी मुलगी पुढे आपल्या देशातल्या सर्वांत मोठ्या शौर्यपदकावर कोणते चिन्ह असावे हे सांगण्याइतकी आपली झाली.