चित्राची किंमत आणि श्रमाचे मोल

जॉन रस्किन हे नाव आपल्याकडे निघते ते बहुधा महात्मा गांधींच्या संदर्भात. १९०४ साली जोहान्सबर्गहून दरबानला जाताना गाडीत गांधीजींनी त्याचे ‘अन्टू धिस लास्ट’ वाचले, त्याच वर्षी फिनिक्सची वसाहत उभी राहिली आणि १९०८ साली त्या पुस्तकाचे गुजराती सार ‘सर्वोदय’ या नावाने प्रसिद्ध झाले, हा इतिहास परिचित आहे. परंतु हे पुस्तक लिहिणारा मनुष्य वयाच्या चाळिशीपर्यंत प्रामुख्याने चित्रे आणि इमारती यांविषयी लिहीत होता, याचा विसर पडतो. वस्तुतः रस्किनचे अर्थशास्त्र त्याच्या कलासमीक्षेतूनच उगवले. आणि त्या अर्थशास्त्राची खरी कसोटी लागली तीही एका चित्रावरूनच.

८ फेब्रुवारी १८१९ रोजी लंडनमध्ये एका सधन मद्यव्यापाऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. १८३६ साली एका मासिकाने टर्नर या वयोवृद्ध चित्रकाराची टर उडविली, तेव्हा सतरा वर्षांच्या रस्किनने संतापून उत्तर लिहिले. टर्नरच्याच इच्छेवरून ते छापले गेले नाही; पण त्याच बीजातून १८४३ साली ‘मॉडर्न पेन्टर्स’चा पहिला खंड निर्माण झाला. धुके, पाणी आणि प्रकाश यांत विरघळून जाणारी टर्नरची चित्रे अपुरी वाटतात, कारण आपण निसर्गच नीट पाहिलेला नसतो, असा त्याचा युक्तिवाद होता. १८५१ साली मिले, हंट प्रभृती तरुण चित्रकारांवर टीकेची झोड उठली असता त्याने ‘टाइम्स’ला पत्रे लिहून त्यांची बाजू घेतली. १८५५ ते १८५९ या काळात रॉयल ॲकॅडमीच्या वार्षिक प्रदर्शनावर तो दरवर्षी पुस्तिका काढीत असे. याच सुमारास त्याचा विवाह रद्द ठरून पत्नीने मिलेशी लग्न केले होते. तरीही १८५६ साली त्याने मिलेच्या ‘ऑटम लीव्ह्ज’ची मनापासून प्रशंसा केली आणि पुढच्या वर्षीच्या चित्रावर तितक्याच मोकळेपणाने कठोर टीका केली. समीक्षकाच्या सचोटीचे याहून चांगले उदाहरण सहसा आढळणार नाही.

‘स्टोन्स ऑफ व्हेनिस’ या ग्रंथात त्याची दृष्टी चित्रावरून चित्र घडविणाऱ्या हाताकडे वळली. गॉथिक मंदिरांतील ओबडधोबड कोरीव कामात त्याला स्वतंत्र कारागिराचे मन दिसले. कारखान्यातील गुळगुळीत वस्तूत मात्र त्याला माणसाचे यंत्र झालेले दिसले. येथून अर्थशास्त्राचे दार दूर नव्हते. १८६० साली ‘कॉर्नहिल’ मासिकात त्याने रिकार्डो व मिल यांच्या विचारसरणीला आव्हान देणारी लेखमाला सुरू केली. मजुरी केवळ मागणी-पुरवठ्यावर सोडता येत नाही, संपत्तीची अंतिम कसोटी म्हणजे तिच्यामुळे समृद्ध होणारे मानवी जीवन, हे त्याचे म्हणणे वाचकांना इतके असह्य झाले की, संपादक थॅकरे यांना चार लेखांनंतर माला थांबवावी लागली.

अर्थात ही दृष्टी सर्वत्र सारखी निर्मळ राहिली नाही. १८५७ च्या उठावानंतर, जानेवारी १८५८ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्याने भारतीय नक्षीचे सौंदर्य मान्य केले, पण निसर्गाकडे पाठ फिरविणाऱ्या त्या कलेचा संबंध थेट क्रौर्याशी जोडला. जे पाहिले नाही त्यावर पूर्वग्रहाने निवाडा दिला गेला.

१८७७ साली जे घडले ते अधिक बोलके आहे. रात्रीच्या अंधारात फुटणाऱ्या दारूकामाचे व्हिसलरचे चित्र पाहून रस्किन खवळला. अशा अपुऱ्या कामाला दोनशे गिनी मागणे ही ग्राहकाची फसवणूक आहे, अशा आशयाचे कडवट शेरे त्याने आपल्या कामगारांसाठीच्या पत्रमालेत छापले. व्हिसलरने अब्रुनुकसानीचा दावा लावला. नोव्हेंबर १८७८ मध्ये खटला चालला तेव्हा आजारी रस्किन हजर नव्हता. त्याच्या वकिलाने उलटतपासणीत मुद्दा काढला तो दोन दिवसांच्या कामाला एवढी किंमत का, हा. किंमत दोन दिवसांची नसून आयुष्यभर कमावलेल्या ज्ञानाची आहे, असा व्हिसलरच्या उत्तराचा आशय होता. व्हिसलर जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खर्चाखाली दबून १८७९ साली त्याचे दिवाळे निघाले. रस्किनने ऑक्सफर्डमधील कलेचे प्राध्यापकपद सोडले.

यातील विरोधाभास अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला विशेष जाणवतो. श्रमाचे मोल बाजाराच्या तराजूत मावत नाही, असे आयुष्यभर सांगणाऱ्याच्या बचावासाठी दिवस मोजण्याचाच हिशेब मांडला गेला. आणि टर्नरच्या धुक्यात सत्य पाहणाऱ्याला व्हिसलरच्या अंधारात केवळ लबाडी दिसली. वडिलोपार्जित संपत्ती त्याने शेफिल्डच्या कामगारांसाठी संग्रहालय उभारण्यासारख्या कामांत खर्च केली होती, म्हणून त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शेवटची वर्षे मनोविकाराच्या छायेत काढून २० जानेवारी १९०० रोजी तो निवर्तला.

त्याचे तत्त्व या चुकीने खोटे ठरत नाही. उलट ते किती अवघड आहे, हे कळते. शिक्षकाच्या एका तासामागची वर्षानुवर्षांची तयारी, अनुभवी कारकुनाच्या चार ओळींच्या टिपणामागची जाण पगारपत्रकात दिसत नाही. ती पाहायची तर आधी ते काम पाहता आले पाहिजे. न्याय्य मोबदला ठरविण्यापूर्वी नजर तयार करावी लागते, हा रस्किनच्या लेखनाचा आणि त्याच्या अपयशाचाही धडा आहे.